वर्ग आधी बोलता करा, मग लिहिता करा

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान आणि मराठी शिकवते. सातवीचा पट तीसच्या आसपास. बरीच वर्षं माझा तास ठरलेल्या वाटेनं जायचा. मी सांगायचे, पुढच्या बाकावरची चार मुलं उत्तरं द्यायची आणि बाकीची वहीत उतरवून घ्यायची. वर्ग शांत असायचा, म्हणून सगळं बरं चाललंय असं वाटायचं.

एकदा चाचणीत बाष्पीभवनाची व्याख्या विचारली. जवळपास सगळ्यांची बरोबर आली. त्याच पेपरात मी सहज एक जास्तीचा प्रश्न घातला होता: माठातलं पाणी गार का होतं? अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं, "माती थंड असते म्हणून." ज्यांच्या घरात रोज माठ भरला जातो त्या मुलांची ही उत्तरं होती. व्याख्या आणि घरातला माठ यांची गाठच पडली नव्हती. त्या दिवसापासून मी तास घेण्याची पद्धत एकेक करून बदलत गेले. त्यातलं जे टिकलं, ते इथे क्रमानं मांडते आहे. मोठ्या खर्चाचं त्यात काही नाही. बहुतेक गोष्टी उद्याच्या तासाला करता येतील.

सुरुवात वस्तूपासून, आणि अंदाज आधी

पाठाचं नाव फळ्यावर लिहून तास सुरू केला की मुलं पुस्तक उघडतात आणि डोकं मिटतात. म्हणून पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद ठेवा आणि टेबलावर एक वस्तू ठेवा. बाष्पीभवनासाठी मी दोन सारखे माठ ठेवते, एक साधा आणि एक बाहेरून तैलरंगानं रंगवलेला. परिपाठाच्या वेळी दोन्हींत एकाच नळाचं पाणी भरून ते व्हरांड्यात सावलीला ठेवायचे. मग वर्गाला विचारायचं: दुपारी कुठल्या माठातलं पाणी जास्त गार असेल?

इथे घाई करू नका. प्रत्येकानं आपला अंदाज आणि त्याचं एका ओळीत कारण वहीत लिहिलंच पाहिजे. एकदा अंदाज लिहिला की मूल त्या उत्तरात गुंततं. ज्यानं "रंगवलेला" असं लिहिलंय, तो मधल्या सुट्टीत दोनदा जाऊन माठाला हात लावून येतो. त्याला तसं करायला कुणी सांगितलेलं नसतं. दुपारी तापमापी घालून आकडे फळ्यावर लिहा. आमच्याकडच्या मार्चच्या कोरड्या उन्हात फरक हातालाही कळतो. गेल्या वर्षी एका मुलीनं आकडे बघून म्हटलं, "मॅडम, रंगवलेल्या माठाला घाम येत नाही." रंगानं मातीची छिद्रं बुजली, पाणी बाहेर झिरपेना, आणि बाष्पीभवन झालं नाही म्हणून आतली उष्णता निघाली नाही. मला जे वीस मिनिटं समजावून सांगावं लागलं असतं, ते तिनं पाच शब्दांत सांगितलं. व्याख्या त्यानंतर लिहिली. तेव्हा ती कशाची व्याख्या आहे हे मुलांना माहीत होतं.

वस्तू मोठी किंवा महागडी असायची गरज नाही. मोड आलेली मटकी, गंजलेला खिळा, किराणा दुकानाची पावती, एसटीचं तिकीट यांतलं काहीही चालतं. अट एकच. वस्तूबद्दल असा प्रश्न निघाला पाहिजे ज्याचं उत्तर वर्गात दोन प्रकारे येऊ शकेल.

प्रश्न विचारल्यावर थांबणं

मला सगळ्यात अवघड गेलं ते हेच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षण संशोधकानं १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी फक्त सेकंदभर थांबतात, असं त्यांना दिसलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिक्षक दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांच्या वर नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, जास्त मुलं आपणहून बोलू लागली आणि "माहीत नाही" म्हणणं कमी झालं. उत्तर ऐकल्यावरही लगेच "बरोबर" किंवा "चूक" न म्हणता तसंच थांबणं तितकंच महत्त्वाचं ठरलं.

मी मोबाइलवर माझाच एक तास रेकॉर्ड करून ऐकला. तुम्हीही एकदा करून बघा. प्रश्न आणि माझा पुढचा शब्द यांच्यात श्वास घेण्याइतकंही अंतर नव्हतं. आता मी असं करते. प्रश्न एकदाच, पूर्ण आणि सावकाश विचारते. मग मनात पाच आकडे मोजते आणि तेवढ्या वेळात वर्गावरून नजर फिरवते. तोंडानं एक शब्दही काढत नाही, "विचार करा" हेसुद्धा नाही. त्यानंतरच एखाद्याचं नाव घेते. नाव आधी घेऊन प्रश्न विचारला तर बाकीची मुलं त्याच क्षणी सुटतात. नाव शेवटी आलं की तोवर प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच विचारतील.

पहिल्या आठवड्यात ही शांतता सगळ्यांनाच जड जाते. मुलं एकमेकांकडे बघून हसतात, हुशार मुलं हात उंच करून "मी, मी" करतात. त्यांना खाली बसवू नका, फक्त हात खाली घ्यायला सांगा. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरून पहिलं उत्तर येतं. बहुधा ते चुकीचंच असतं. तिथे "चूक" म्हणायची ऊर्मी आवरा आणि विचारा, "तुला असं का वाटलं?" हाच प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारत चला. नाहीतर "का वाटलं?" म्हणजे आपलं चुकलंय, हे मुलं लगेच ओळखतात.

प्रश्न जड असेल तर आधी शेजाऱ्याशी बोलायला एक मिनिट द्या. अमेरिकेतल्याच मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये याची साधी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली: आधी एकट्यानं विचार, मग जोडीनं बोलणं, मग वर्गापुढे सांगणं. वर्गापुढे चुकायची ज्या मुलाला भीती वाटते, त्याला शेजाऱ्यापुढे चुकायला काही वाटत नाही. जोडी आठवड्यातून एकदा बदला. आमच्याकडे सोमवारी बाकांची अदलाबदल होते.

पाटी फेकून देऊ नका

पहिली-दुसरीनंतर पाटी कपाटात जाते. ती बाहेर काढा. गणितात, व्याकरणात, विज्ञानात, जिथे उत्तर एका शब्दात, आकड्यात किंवा छोट्या आकृतीत येतं, तिथे सगळ्यांना पाटीवर लिहू द्या. "पाट्या वर" म्हटलं की एका नजरेत तीस उत्तरं दिसतात. कुठे अडलंय हे कळायला घटक चाचणीची वाट बघावी लागत नाही. पाट्यांवर दोन वेगळी उत्तरं जवळपास सारख्या संख्येनं दिसली, तर तो तासातला सगळ्यात मोलाचा क्षण समजा. बरोबर उत्तर सांगून टाकू नका. ज्याचं उत्तर वेगळं आलंय अशा कुणाला तरी शोधून त्याला पटवायला सांगा, दोन मिनिटं गलका होऊ द्या आणि मग पुन्हा पाट्या वर घ्या. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून मोठ्या व्याख्यानांच्या वर्गात नेमकं हेच करत आले आहेत. आपल्याकडे त्यासाठी लागणारं साधन कपाटात पडून आहे.

फळा आणि पडदा

फळ्याचे तीन भाग करा. डावीकडे आजचा प्रश्न. तो तास संपेपर्यंत पुसायचा नाही. मधला मोठा भाग कामाचा. उजवीकडे मुलांनी वापरलेले शब्द. "घाम" हा शब्द त्या दिवशी उजवीकडे गेला, आणि नंतर त्याच्याच खाली "बाष्पीभवन" आला. आपला शब्द फळ्यावर चढलेला बघून मूल पुढच्या वेळी आणखी एक शब्द देतं. लिहिताना बोलू नका, कारण वर्गाकडे पाठ करून बोललेलं मागे पोचत नाही. आधी लिहा, मग वळा आणि मग बोला.

आता बऱ्याच शाळांत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आला आहे. त्याचा सगळ्यात वाईट वापर म्हणजे पुस्तकातला मजकूर पडद्यावर टाकून वाचून दाखवणं. मूल एकाच वेळी वाचू आणि ऐकू शकत नाही. ते दोन्ही सोडून देतं. एका स्लाइडवर एक चित्र आणि फार तर एक ओळ ठेवा. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा मोठं लागतं, कारण मात्रा, रफार आणि जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात. 'मुक्ता'सारखा स्वच्छ युनिकोड फाँट घ्या. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये केलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की निरर्थक चिन्हं दिसतात. स्लाइड तयार झाली की मुलं यायच्या आधी शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि तिथून वाचा. खिडकीच्या उन्हात पडदा फिकट पडतो हेही तिथूनच कळतं. वीज जाणारच आहे असं धरून तेच चित्र एका कार्डशीटवर काढून ठेवा.

मुलं पुढे उभी राहतात तेव्हा

सादरीकरण म्हटलं की आपल्याकडे पाठ केलेलं भाषण होतं. त्याऐवजी दर शुक्रवारी तीन मुलांना दोन-दोन मिनिटं द्या. प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. हातात वस्तू असली की हात थरथरत नाहीत आणि आठवायला काही उरत नाही. ऐकणाऱ्यांनाही काम द्या. प्रत्येकानं चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा. बोलणारा त्यातल्या दोन चिठ्ठ्या उचलतो आणि उत्तरं देतो. टाळ्या वाजतात त्यापेक्षा या चिठ्ठ्यांचा परिणाम जास्त होतो. आपलं खरंच कुणीतरी ऐकत होतं, हे त्या मुलाला हातात धरून बघता येतं. आमच्या वर्गातली मुलं या चिठ्ठ्या घरी घेऊन जातात.

लिहिणं: भिंतीवरून ब्लॉगवर

या चिठ्ठ्यांवरूनच मला वर्गाच्या ब्लॉगची कल्पना सुचली. मुलांचं लिखाण फक्त मी वाचत होते, आणि तेही चुका शोधायला. ज्याला वाचकच नाही त्यानं जीव ओतून का लिहावं?

ही कल्पना आजची नाही. फ्रान्समध्ये सेलेस्टँ फ्रेने नावाचे प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यानं त्यांना वर्गात फार वेळ बोलणं झेपत नसे. ते मुलांना गावात फिरवून आणत आणि मुलांनी जे पाहिलं ते फळ्यावर लिहून घेत. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून आपला मजकूर छापत आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवत. तिकडून त्या मुलांचं छापील लिखाण येई. दूरचं कुणीतरी वाचणार, म्हणून नीट लिहायचं, हे त्या मुलांना वेगळं सांगावं लागत नसे. आपल्या हातातला मोबाइल तेच काम करू शकतो.

पण सुरुवात मोबाइलपासून करू नका. पहिला महिना भित्तिपत्रक चालवा. वर्गाबाहेरच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दर शनिवारी पाच लेख लावा आणि शेजारी दोरीला पेन्सिल व कोऱ्या चिठ्ठ्या बांधून ठेवा. वाचणाऱ्यानं चिठ्ठीवर प्रश्न किंवा अनुभव लिहायचा. फक्त "छान" लिहिलेली चिठ्ठी चालणार नाही, हा नियम इथेच मुरवा. महिनाभर हे नीट चाललं तर ब्लॉग चालेल. नाही चाललं तर ब्लॉगही चालणार नाही.

विषय कुठून आणायचे, याबद्दल मी आता ठाम आहे. ते मुलांच्या कामातून यावेत. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल कामावर असतं म्हणून शाळाच कुरणात गेली. आपली मुलं शाळेत येतात, पण त्यांचं काम त्यांच्याबरोबर येत नाही. आपण ते दाराबाहेर ठेवतो.

एका मुलानं पहिल्यांदा दिलेला लेख असा होता: "डाळिंब हे एक उपयुक्त फळ आहे. त्यापासून आपल्याला जीवनसत्त्वे मिळतात." मी वही मिटली आणि विचारलं, "काल शाळेतून गेल्यावर काय केलंस?"
"बागेत डाग बघत हिंडलो."
"कसले डाग?"
"तेल्याचे."
तेल्या म्हणजे डाळिंबावर पडणारा रोग. मग तो दहा मिनिटं थांबलाच नाही. फळ कसं तडकतं ते त्यानं बाकावर बोटानं काढून दाखवलं, इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर. मी म्हटलं, हेच लिही. दुसऱ्या दिवशी आलेल्या लेखाची पहिली ओळ होती: "आबा रोज सकाळी पान तोडून उन्हाला धरून बघतात." तेल्याचा डाग कोवळा असताना पाणी मुरल्यासारखा असतो, आणि उजेडाला पान धरलं की त्यातून प्रकाश आरपार दिसतो. हे त्या घराचं ज्ञान होतं. पहिल्या लेखात त्याचा मागमूसही नव्हता.

लेख दुरुस्त करताना माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती, ती इथे सांगायलाच हवी. ब्लॉग सुरू केला त्या वर्षी एका मुलीच्या लेखातलं "म्हणलं", "व्हतं", "हिकडं" हे सगळं मी लाल शाईनं प्रमाण मराठीत आणलं. तिनं महिनाभर काही लिहून दिलं नाही. आता मी दोन टप्पे पाळते. पहिल्या वाचनात मी फक्त प्रश्न विचारते: पुढे काय झालं, वास कसा होता, आजी नेमकं काय म्हणाली? दुसऱ्या वाचनात लेखक आणि त्याचा जोडीदार मिळून शुद्धलेखन बघतात. माणसांच्या तोंडचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं, आणि निवेदन प्रमाण भाषेत हवं की आमच्या माणदेशी बोलीत, हे लेखकानं ठरवायचं. दोन्ही कधी आणि कुठे वापरायची हे मुलांना यातूनच कळतं. लेख छापण्याआधी लेखक तो मोठ्यानं वाचतो. जिथे अडखळतो, तिथलं वाक्य सुधारायचं असतं.

तांत्रिक भाग

हे एका दुपारचं काम आहे. वर्गासाठी वेगळं गूगल खातं शिक्षकाच्या नावानं काढा. मुलांची खाती काढू नका. ब्लॉगर या गूगलच्याच सेवेवर त्या खात्यातून मोफत ब्लॉग उघडतो. सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. सर्च इंजिनला ब्लॉग दिसण्याची सोय बंद ठेवा. प्रत्येक प्रतिक्रिया तुम्ही मंजूर केल्यावरच दिसेल असं ठरवा. आणि वाचक निवडकच ठेवायचे की दुवा असलेल्या कुणालाही वाचू द्यायचं, हे मुख्याध्यापकांशी बोलून नक्की करा.

पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलं आहे. पण कायद्याइतकंच पालकसभेत ब्लॉग दाखवून विचारणं मला महत्त्वाचं वाटतं. संमती न देणाऱ्या घरातल्या मुलाचा लेख भिंतीवर लावा, तो मागे पडता कामा नये. लेखाखाली पूर्ण नाव, गाव किंवा फोन नंबर नको. आमची मुलं टोपणनावं घेतात, आणि ती ठरवण्यात एक अख्खा तास आनंदात जातो. चेहऱ्यांचे फोटो टाळा. हात, वस्तू, झाड, चित्र यांचे फोटो टाका आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात जागेची नोंद होते ती आधी बंद करा.

तीस मुलं आणि एक मोबाइल, हे जमतं. आठवड्याला सहा मुलांचा गट करा: तीन लेखक, एक टंकलेखक, एक चित्रकार, एक प्रतिक्रिया सांभाळणारा. जीबोर्ड या गूगलच्या मोबाइल कीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचं बटण दाबलं की लेखक आपला लेख वाचतो आणि मोबाइल तो लिहून घेतो. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात आणि बोलीतले शब्द हमखास चुकतात. ते दुरुस्त करणं हाच उत्तम शुद्धलेखनाचा तास होतो. आठवड्याला तीन लेख पुरेत. जास्तीची हाव धरली की दिवाळीनंतर ब्लॉग बंद पडतो.

वाचक शोधणं

ब्लॉग काढून गप्प बसलं तर कुणीही वाचत नाही. वाचक शिक्षकानंच मिळवावे लागतात. आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत. वर्गातल्या काही मुलांचे वडील वर्षातून दोनदा, जत्रेला आणि दिवाळीला घरी येतात. मी ब्लॉगचा दुवा आधी त्यांना पाठवला आणि प्रत्येकाला एकच विनंती केली: महिन्यातून एका लेखाला एक खरा प्रश्न विचारा, तोही शक्यतो दुसऱ्याच्या मुलाला.

तेल्याच्या लेखाखाली तमिळनाडूतल्या सेलमहून प्रश्न आला: "पडलेली फळं बागेतच ठेवता का बाहेर नेऊन जाळता?" मुलानं मला विचारलं नाही. तो संध्याकाळी आबांना विचारून आला, आणि जाळतात पण कुंपणाच्या कडेची राहून जातात, असं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. मग दोघांनी ती फळं उचलली. उत्तर एक दिवस उशिरा दिलं तरी चालेल, पण प्रत्येक प्रश्नाला लेखकानं स्वतः उत्तर द्यायचंच, हा आमचा नियम आहे.

गावाबाहेरचा दुसरा वाचक म्हणजे दुसरी शाळा. ओळखीतली, आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या भागातली शाळा शोधा. आम्ही कोकणातल्या एका शाळेशी जोडून घेतलं. पाऊस जिथे नकोसा होतो तिथल्या मुलांना टँकरची वाट बघणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना शब्दांत उभं करावं लागतं. "तुम्हाला माहीतच आहे" असं म्हणून सुटता येत नाही.

मार्क देऊ नका. त्याऐवजी मी महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचा पहिला आणि ताजा लेख शेजारी ठेवते आणि काय बदललं ते त्यालाच सांगायला लावते. लिखाण आटलं तर विषय बदलून बघा. आठवडाभर फक्त आजीच्या तोंडच्या म्हणी गोळा करा, किंवा फक्त दोन ओळींच्या नोंदी घ्या: आज येताना काय दिसलं.

एप्रिलमध्ये सगळे लेख छापून त्यांचं शिवलेलं पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला द्या. सातवीची मुलं हायस्कूलला निघण्याआधी एक तास सहावीबरोबर बसवा. टंकलेखकानं टंकलेखकाला शिकवायचं, प्रतिक्रिया सांभाळणाऱ्यानं त्या कशा निवडायच्या ते सांगायचं. त्या दिवशी पासवर्ड बदला, आणि जूनसाठी भिंतीवरची दोरी, पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या काढून ठेवा.